अपेक्षित निष्कर्ष : एक चिकित्सक अभ्यास

संशोधन कसे केले जाते, याचे संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मिळणारी शिष्यवृत्ती तिच्या अर्जावरून ओळखावी. पहिल्या पानावर नाव, प्रवर्ग, जन्मतारीख आणि बँक खात्याचा तपशील असतो. शेवटच्या पानावर मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखाची सही आणि गोल शिक्का लागतो. चौकोनी शिक्क्याचे अर्ज परत येतात. विषयाचे शीर्षक ‘एक चिकित्सक अभ्यास’ या शब्दांनी संपलेच पाहिजे अशी अट नाही, पण वेगळे शीर्षक कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही.

अर्जाचा गाभा म्हणजे रकाना क्रमांक १४ : ‘संशोधनाचे अपेक्षित निष्कर्ष (किमान ५० शब्द)’. रकान्याला लाल चांदणी असते, म्हणजे तो भरल्याशिवाय पोर्टल पुढे सरकत नाही. ‘संशोधन झाल्यावर कळेल’ असे लिहिले, तर शब्दसंख्या अपुरी असल्याचा संदेश येतो. संशोधन सुरू व्हायचे असते, साधी प्रश्नावलीही तयार नसते; निष्कर्ष मात्र रात्री बाराच्या आत, सर्व्हर बसण्यापूर्वी, जमा करायचा असतो.

ज्या शास्त्रासाठी ही शिष्यवृत्ती आहे, त्याने ज्या रोगाचा माग काढला तो नेमका हाच. हवा तो निष्कर्ष काढायला आकडे कसे वळवता येतात, हे अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०११ साली मुद्दाम करून दाखवले. विद्यार्थ्यांच्या एका गटाला चौसष्टीतल्या म्हातारपणावरचे जुने इंग्रजी गाणे ऐकवले, दुसऱ्याला निराळी धून. आणि त्या काळी सर्रास चालणाऱ्या आकडेमोडीने सिद्ध केले की, गाणे ऐकणाऱ्यांचे वय जवळजवळ दीड वर्षाने कमी झाले. तरुण वाटले असे नव्हे. जन्मतारखेनुसारचे वय कमी झाले. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत निकाल लक्षणीय होता, फेरप्रयोगात तो ३६ टक्क्यांवर आला. यावरचा एक उपाय म्हणजे काय मोजणार ते आधीच जाहीर नोंदवून ठेवायचे. अमेरिकेत सरकारी पैशावर झालेल्या हृदयविकारावरच्या मोठ्या चाचण्यांत २००० सालापूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. आधी नोंदणीची रीत आल्यानंतरच्या २५ पैकी फक्त दोन चाचण्यांत दिसला. पळवाट बुजली आणि यश आटले, असा त्याचा एक सरळ अर्थ.

म्हणजे आधी नोंदवायचा तो प्रश्न. रकाना क्रमांक १४ उत्तर मागतो. मुलगी पाहायला निघण्यापूर्वी लग्नपत्रिका छापून घेण्यातला हा प्रकार.

अनुभवी अर्जदार या रकान्यात ठरलेला मजकूर भरतात : संशोधकांना प्रशिक्षणाची गरज आहे, साधनसुविधा अपुऱ्या आहेत, मुलींचा प्रतिसाद मुलांपेक्षा सकारात्मक आहे, शासनाने याकडे लक्ष द्यावे, आणि पुढील संशोधनास वाव आहे. हा मजकूर द्राक्षबागांपासून दलित आत्मकथनांपर्यंत कोणत्याही विषयाला बसतो. नवखा अर्जदार फसतो. ‘प्रबंधांचे निष्कर्ष अर्जातच ठरलेले असतात का, हे तपासायचे आहे, काय आढळेल ते आज माहीत नाही’ असे तो लिहितो. निवड समिती चहा संपवून विचारते, ‘माहीतच नाही, तर मग करताय कशाला?’ आणि ‘निष्कर्षांची स्पष्टता’ या सदरात त्याला १० पैकी २ गुण पडतात. ज्यांची निवड होते त्यांना दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागतो. त्यात प्रश्न असतो, ‘अपेक्षित निष्कर्षांपैकी किती टक्के साध्य?’ पहिल्या सहामाहीत २५ लिहावे, दुसरीत ५०. शंभरावर लवकर पोहोचणाऱ्याची शिष्यवृत्ती लवकर बंद होते, म्हणून हुशार विद्यार्थी ९० वर बराच काळ थांबतात. एखाद्याची माहिती भलतेच सांगू लागली, म्हणजे मुलांचाच प्रतिसाद सकारात्मक निघाला, तर त्याला विषयबदलाचा अर्ज करावा लागतो. तो अर्ज ज्या समितीपुढे जातो तिची गणसंख्या पुरी होत नाही. अशा वेळी मार्गदर्शक वडीलकीच्या नात्याने समजावतात, ‘अरे, प्रश्नावलीच बदल ना!’ आणि प्रश्नावली बदलते. वसतिगृहातल्या मित्रांकडून ती एका रात्रीत भरून घेतली जाते, निष्कर्ष अर्जाबरहुकूम येतो. अडचण उरते ती साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण शेवटचे प्रकरण आधीच्या सगळ्या प्रबंधांशी इतके जुळते की, तेवढ्यासाठी ‘गरज आहे’च्या जागी ‘आवश्यकता भासते’ असे करून घ्यावे लागते.

शिष्यवृत्तीची रक्कम हा यानंतरचा विषय. देशात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचा दर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. त्याआधी तो ३१,००० होता. कागदावर दरमहा असलेली शिष्यवृत्ती चार-सहा महिने तुंबून एकदम आलेली ज्याने पाहिली नाही, असा विद्यार्थी शोधणे हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. विद्यार्थ्याकडून अपेक्षित निष्कर्ष आगाऊ घेतला जातो. मेसवाला मात्र अपेक्षित रक्कम घेत नाही. तिशीकडे झुकलेला, घरी पैसे मागायची लाज वाटणारा माणूस ‘मी संशोधन करीत आहे’ असा दाखला घेऊन महिन्याच्या महिन्याला टेबलासमोर उभा राहतो, आणि आवक-जावक बघणारे रजेवर आहेत, सोमवारी या, असे ऐकून परत फिरतो. याला कार्यपद्धती म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. हे ज्यांनी ठरवले त्यांच्यापैकी एकाचाही पगार कधी एखाद्या गोल शिक्क्यासाठी अडलेला नाही, आणि अडला असता तर दुसऱ्या दिवशी चौकोनी शिक्का चालू झाला असता.

प्रबंध काळ्या कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत सादर होतो. मौखिकीत बाहेरचे परीक्षक पृष्ठक्रमांक तपासतात आणि निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे असल्याबद्दल समाधान व्यक्त करतात. पदवीबरोबर शिष्यवृत्ती संपते. त्यानंतर अशा विद्यार्थ्याला, नशीब असल्यास, तासिका तत्त्वावर ‘संशोधन पद्धती’ हा विषय शिकवायला मिळतो. उन्हाळ्याच्या सुटीत तासिका नसतात, त्यामुळे मानधनही नसते. बिले मात्र ३१ मार्चच्या आत, तीन प्रतींत सादर करावी लागतात.