बंदची वेळ कळते, पाण्याची नाही

गुरुवारी रात्री 12 ते शुक्रवारी रात्री 12. दिवा, मुंब्रा, शीळ भागात या वेळा लोकांच्या तोंडपाठ आहेत. इथे पाणी पुरवणाऱ्या एमआयडीसीचे देखभाल-दुरुस्तीचे काम निघाले की ठाणे महापालिका कळवते : 24 तास पाणी बंद, त्यानंतर एक-दोन दिवस पुरवठा कमी दाबाने. सूचना आधी मिळते, ही चांगली गोष्ट आहे. माझा आक्षेप त्या ‘एक-दोन दिवसां’ना आहे.

24 तासांची तयारी कोणतेही घर करते. पिंप, बादल्या, कळश्या भरून ठेवल्या जातात. हाल सुरू होतात शनिवारी सकाळी, पाणी ‘सुरू’ झाल्यानंतर. बारवी धरणातून सोडलेले पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन मोठ्या वाहिन्यांनी शीळ, दिवा, मुंब्र्याकडे येते. वाहिनी रिकामी झाली की ती आधी भरावी लागते, अडकलेली हवा बाहेर पडावी लागते, मग जलकुंभ भरतात. सखल भागाला आणि वाहिनीजवळच्यांना पाणी आधी मिळते. टोकाच्या वस्तीला आणि चढावरच्या चाळीला सगळ्यात शेवटी. त्यांच्यासाठी कमी दाब म्हणजे कोरडा नळ. शिवाय पहिले पाणी अनेकदा गढूळ येते. ते किती वेळ सोडून द्यावे, किती दिवस उकळून प्यावे, हे ज्या घरात तान्हे मूल आहे तिथे आधी कळायला हवे.

पाणी कोणत्या भागात कधी पोहोचेल, याचा अंदाज पाणीखात्याला असतो. वॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला तर गल्लीनिहाय माहीत असते. तो अंदाज कागदावर उतरवायला नवी वाहिनी टाकावी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. मुंबई महापालिका मोठ्या कामाच्या वेळी विभागवार यादी देते. कोणती वस्ती, तिथली नेहमीची पाण्याची वेळ कोणती, तिथे पाणी बंद राहील की कमी दाबाने येईल, हे वाचून माणूस आपली गल्ली शोधू शकतो. शीळफाट्याच्या माणसाने ठाण्याच्या सूचनेतल्या ‘दिवा प्रभाग समितीचा भाग’ एवढ्यावर का समाधान मानायचे?

ठरवून घेतलेल्या कामाचे हे झाले. वाहिनी अचानक फुटली की परिस्थिती आणखी बिकट. पाणी एमआयडीसीचे, वाटप महापालिकेचे, टाकी सोसायटीची. कल्याण-शीळ रस्त्याने थोडे पुढे गेले की महापालिकाच बदलते. 2015 साली कल्याण-डोंबिवलीत आलेली 27 गावेही एमआयडीसीच्याच पाण्यावर आहेत. पुरवठादार एक, महापालिका दोन. अशा वेळी पहिली खबर कोणी द्यायची, हे एकदाचे लेखी ठरले पाहिजे. ते नसेल तर खबर टँकरवाल्याकडून मिळते, आणि ती दरासकट मिळते.

केंद्र सरकारने 2008 मध्ये शहरी पाणीपुरवठ्याचे नऊ निकष ठरवले. त्यांत माणशी 135 लिटर, 24 तास पुरवठा, 80 टक्के तक्रारींचे निराकरण, बिलवसुली 90 टक्के. पाणी बंद होणार हे किती आधी सांगितले आणि परत कधी येणार हे किती अचूक सांगितले, यासाठी दहावा निकष नाही. जे मोजले जात नाही त्याचा जाब कोणी विचारत नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 मात्र आहे. लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता द्या, असे ते 2005 पासून सांगते आहे.

याच शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनचा बोगदा येतो. सप्टेंबर 2025 मध्ये घणसोली ते शीळफाटा हा 4.88 किलोमीटरचा भाग आरपार झाला, तेव्हा ही लांबी साऱ्या देशाला दशांशासकट कळली. ती कळावीच, मोठे काम आहे. तेवढीच नेमकी माहिती नळाचीही द्या. पुढच्या दुरुस्तीच्या सूचनेखाली फक्त तीन रकाने जोडा : वस्ती, पाणी पोहोचण्याची अंदाजे वेळ, आणि त्या वेळेला पाणी आले नाही तर ज्याला फोन करायचा त्या अभियंत्याचा क्रमांक. अंदाज चुकला तर शनिवारी दुपारी सुधारून पुन्हा कळवा. उशीर लोक समजून घेतील. रात्री दोनला उठून नळ तपासण्याची पाळी मात्र त्यांच्यावर आणू नका. रात्री नळासाठी उठलेल्या बाईला सकाळी सहाची लोकल गाठायची असते.