मिनिटाला ६० शब्द

तिसरी संपेपर्यंत मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द वाचता आले पाहिजेत, आणि वाचलेलं कळलंही पाहिजे, असं ‘निपुण भारत’चं लक्ष्य आहे. जुलै २०२१मध्ये हे अभियान सुरू झालं आणि २०२६-२७ ही त्याची मुदत. लोक उगीच काळजी करतात. आमच्या प्राथमिक शाळांनी हे लक्ष्य केव्हाच गाठलंय. मुलांनी नाही, गुरुजींनी.

केंद्रशाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जे परिपत्रक येऊन पडतं ते वाचायला खरा वाचक लागतो. ‘उपरोक्त विषयान्वये’ करत निघालेलं वाक्य दुसऱ्या पानावर कुठेतरी क्रियापदाला टेकतं, आणि गुरुजी ते पोषण आहाराचा तांदूळ मोजता मोजता एका दमात संपवतात. आकलन तर असं की बघत राहावं. ‘सदर’ आणि ‘तरी’ गाळून पुढे जायचं, ‘तथापि’ला थांबायचं, ‘व्यक्तिशः जबाबदार’ला घाम पुसायचा आणि ‘आजच’ दिसलं की वर्ग सोडायचा.

लेखनातही प्रगती आहे. पटावरची मुलं तीच. पण ती ‘सरल’ पोर्टलवर वेगळी भरायची, ‘यू-डायस’ पोर्टलवर वेगळी, तालुक्याला एक्सेलमध्ये, आणि तिथे एक्सेल उघडत नाही म्हणून कागदावर लिहून कागदाचा फोटो. निरंक असल्यास निरंक लिहावे, रकाना रिकामा सोडू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. कायदा कुठेही मोडलेला नाही. तक्त्याच्या डोक्यावर ‘शैक्षणिक माहिती’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

परवा एका दोनशिक्षकी शाळेत बसलो होतो. दुसरीतली एक पोरगी बाईंपाशी वाचत होती. शब्दाखाली बोट. ‘वि... ही... र.’ मग एकदम ‘विहीर!’ आणि तिने मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं, कारण विहीर तिथे होती. पोरगी काहीतरी सांगणार, तेवढ्यात फोन वाजला: वाचन करतानाचा फोटो, अक्षांश-रेखांशासह, बारापर्यंत. बारा वाजायला दहा मिनिटं. ‘थांब बाळा, बोट तस्सं ठेव,’ बाई म्हणाल्या. पहिल्या फोटोत अक्षांश आले नाहीत. दुसऱ्यात आले, पण पुस्तकाने तोंड झाकलं. तिसरा जमला, तर रेंज गेली. बाई फोन घेऊन ओट्यावर गेल्या. पोरगी बोट विहिरीवर ठेवून बसून राहिली. फोटो वेळेत पोचला, साहेबांचा अंगठाही आला. विहिरीबद्दल काय सांगायचं होतं त्याचा रकाना मात्र तक्त्यात नव्हता.

त्याच खोलीत कोपऱ्यात गोदरेज छापाचं कपाट होतं, कुलूपबंद. आत गोष्टींची पुस्तकं: चित्रांची, गुळगुळीत कागदाची, सगळ्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. मुलांच्या हातात दिली तर फाटतात, आणि फाटलेलं पुस्तक साठा नोंदवहीत कसं दाखवायचं याचं उत्तर कुणाकडे नसतं. म्हणून ग्रंथालय तपासणीत शाळेला पैकीच्या पैकी गुण मिळतात. पुस्तकांची अशी निगा वाचकांपासून दूर ठेवल्याशिवाय राखता येत नाही.

प्रयोग झाले नाहीत असं नाही. २०२३मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालण्यात आली. माझ्या मते तो आजवरचा सर्वांत यशस्वी प्रयोग होता, कारण राज्यातल्या एकूणएक मुलाला न अडखळता वाचता येईल असं ते एकमेव पान होतं. २०२५मध्ये तीही काढून घेतली.

कसं शिकवायचं हे कुणालाच माहीत नाही, असंही म्हणायची सोय नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर उन्हात, अंगणात, गुरांच्या मागे जाऊन ते केलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी दाखवलं की थोडी अक्षरं आणि एखाददुसरी मात्रा हाती आली की लगेच अर्थाचे शब्द वाचायला द्यावेत, अख्ख्या बाराखडीची वाट पाहू नये. मग मुलाशी त्यावर बोलावं. खर्च म्हणाल तर रोजचा तासभर, फोन बंद ठेवून. नेमकी हीच तरतूद अंदाजपत्रकात बसत नाही.

म्हणून आकडे. ‘असर’ या वाचन-पाहणीच्या २०२४च्या अहवालात देशभरच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी २३-२४ जणांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ला सोळाच होते. ही वाढ खरी आहे आणि तिचं श्रेय घ्यायला अठ्ठावीस तक्ते तयार आहेत. उरलेल्या शहात्तरांचं श्रेय घ्यायला तक्ता शोधावा लागेल.

मध्यंतरी आपल्याकडे ‘चावडी वाचन’ निघालं. मुलांनी गावासमोर वाचायचं, गावाने ऐकायचं. एका गावी मुलं फडाफडा वाचत होती. एकाने तर पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाचलं. गुरुजींनी कौतुकाने पुस्तक सरपंचांपुढे केलं, ‘तुम्हीही दोन ओळी होऊन जाऊ द्या.’ सरपंच म्हणाले, चष्मा घरी राहिला. उपसरपंचांचाही घरी राहिला होता. बघता बघता कळलं की सगळ्या चावडीचे चष्मे त्या दिवशी घरी होते.

कल्पना मात्र फारच चांगली आहे, ती गावापुरती ठेवू नये. मंत्रालयाच्या त्रिमूर्ती प्रांगणात एक चावडी वाचन व्हावं. ज्याने परिपत्रक काढलं त्यानेच ते उभं राहून वाचावं, गुरुजींनी घड्याळ लावून बसावं. पातळ्या ‘असर’च्याच: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आकलनासाठी एकच प्रश्न: हे काम कुणी, कधी आणि कोणता तास बुडवून करायचं? पहिल्या फेरीत बरेच जण ‘शब्द’ पातळीवर अडकतील, त्यांना नाउमेद करू नये, उपचारात्मक वर्ग उन्हाळी सुट्टीत घेता येतील. फोटो अक्षांश-रेखांशासह ग्रुपवर टाकावेत. चष्मा घरी राहिल्याची सबब कोणत्याही परिस्थितीत ऐकून घेतली जाणार नाही, याची नोंद घ्यावी.