कुलूप मालकाचं, दुकान भाडेकरूचं

स्वस्त वेब होस्टिंगच्या जाहिरातीत पूर्वी एक ओळ हमखास असायची: ‘शेअर्ड एसएसएल मोफत!’ मोफत हा शब्द दिसला की आपण पुढचं वाचत नाही. वाचलं असतं तर कळलं असतं की ब्राउझरमध्ये कुलूप दाखवणारं सर्टिफिकेट होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्या नावावर आहे. तुमच्या पापड-लोणच्यांच्या दुकानाला कुलूप हवं असेल, तर पत्ता आधी त्या सर्व्हरचा, मग तिरकी रेघ, मग नागमोडी टिल्ड आणि शेवटी तुमचं युजरनेम. हौसेनं घेतलेलं स्वतःचं डोमेन कुलपाबाहेर. गिऱ्हाईक ‘पैसे भरा’ दाबायचं आणि भलत्याच कंपनीच्या दारात जाऊन उभं राहायचं. मग ते पळालं, की मालक म्हणणार, मार्केटिंग कमी पडलं.

ही सोय बसवण्याची रीत तर लाजवाब. वेब होस्ट मॅनेजर या होस्टिंगवाल्याच्या नियंत्रण-पॅनलमध्ये हे सर्टिफिकेट सगळ्यांना वापरू द्यायचं असेल, तर ते ‘नोबडी’ नावाच्या युजरखाली बसवायचं. जबाबदारी कुणाची, हे इतक्या प्रामाणिकपणे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

खरी गंमत आतली. ब्राउझरच्या लेखी एका डोमेनवरचे सगळे भाडेकरू म्हणजे एकच बिऱ्हाड. पाथ वेगळा असला म्हणून भिंत उभी राहत नाही. शेजारच्या खात्यातली एखादी लबाड स्क्रिप्ट तुमच्या गिऱ्हाइकाच्या कुकीपर्यंत पोचू शकते. वाटेतल्या चोरापासून संरक्षण, घरातल्या चोराला मोकळीक.

होस्टिंगवाल्याची बाजूही सांगायला हवी. पूर्वी कोणती साइट हवी हे ब्राउझरनं सांगण्याआधीच सर्व्हरला सर्टिफिकेट दाखवावं लागे. म्हणून एका आयपीवर एकच सर्टिफिकेट, आणि वेगळा आयपी म्हणजे वेगळं बिल. नाव आधी सांगण्याची सोय, एसएनआय, २००३मध्येच प्रमाणित झाली होती. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररनं ती शेवटपर्यंत शिकली नाही आणि एक्सपीचा अधिकृत निरोप झाला एप्रिल २०१४मध्ये. दहा-अकरा वर्षं सगळं जग एका ढ विद्यार्थ्यासाठी थांबलं होतं.

डिसेंबर २०१५मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत सर्टिफिकेट देणारी सेवा सगळ्यांसाठी खुली झाली. प्रत्येक डोमेनला स्वतःचं सर्टिफिकेट, फुकट, नव्वद दिवसांचं, आपोआप नवं होणारं. पुढच्याच वर्षी सीपॅनल या होस्टिंगच्या नियंत्रण-पॅनलमध्ये सर्टिफिकेट आपोआप बसवणारं ऑटोएसएसएल आलं. टिल्डचा संसार आटोपायला हवा होता. पण काही होस्टिंगवाले आजही फुकटचं बटण तिसऱ्या मेन्यूत दडवतात आणि विकतचं पहिल्या पानावर मांडतात.

आणि आपण? ‘कुलूप दिसतंय ना, मग भरा पैसे.’ कुलूप सांगतं एवढंच, की वाटेत कुणी डोकावणार नाही. पलीकडे बसलेला साव आहे की भामटा, हे त्याला ठाऊक नसतं. भामट्यालाही सर्टिफिकेट फुकटच मिळतं. अखेर गूगलनं २०२३मध्ये क्रोमच्या पट्टीतून कुलपाचं चित्रच काढून टाकलं. बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

आता ठरलंय की १५ मार्च २०२९पासून सार्वजनिक सर्टिफिकेटचं आयुष्य जास्तीत जास्त ४७ दिवस. कॅलेंडरवर गोल करून हातानं नूतनीकरण करणाऱ्यांनी वर्षाला आठ गोलांची तयारी ठेवावी. नाहीतर होस्टिंगवाल्याला आजच विचारावं, ऑटोएसएसएल चालू आहे का. त्यानं उत्तराऐवजी दरपत्रक पाठवलं, तर होस्टिंग बदलावं.