दुर्बीणगाडा : जावयांसाठी प्राथमिक पाठ

मोठी दुर्बीण बाळगणाऱ्या गृहस्थाला एक गाडा लागतो आणि तो गाडा बनवताना पाना धरायला एक जावई लागतो. आरसा कसा घासावा यावर पुस्तके आहेत, भांडणेही आहेत. जावयाच्या बाजूने मात्र कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. ती उणीव येथे भरून काढत आहे.

प्रथम व्याख्या. मोठी दुर्बीण म्हणजे बारा इंची आरशाची, डॉबसोनियन घडणीची : पाच फुटी नळकांडे, खाली प्लायवूडची पेटी, मिळून वजन चाळीस किलोच्या आसपास. तसे हे फार नव्हे. सिमेंटचे पोते पन्नास किलोचे असते आणि हमाल ते एकटा पाठीवर घेतो. पण पोते उचलताना त्याच्या मागून कोणी "जपून, आरसा आहे!" म्हणून ओरडत नसते.

सासरे म्हणजे कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून ढोबळ काही न मानणारे सद्‌गृहस्थ. ते मदत मागत नाहीत. "जावईबापू, जरा खाली येता का, गुरू दाखवतो," असे म्हणतात. याचा अर्थ पेटीची एक बाजू धरायची आहे. गुरू दिसेल तेव्हा दिसेल.

साहित्य : नवे काहीही नाही. हा धर्म आहे. "अशी ट्रॉली तयार मिळते," हे वाक्य त्यांच्या घरात उच्चारू नये. मी उच्चारले होते, सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. मोडक्या रॅकचे भोकांचे अँगल, लहान मुलांच्या सायकलची वीस इंची दोन चाके, खोबरेल तेलाच्या बरणीत साठवलेले नट-बोल्ट आणि दांड्यांसाठी पाळण्याच्या स्टँडचा पाइप. या पाळण्यात माझी बायको वाढली. स्टँड इतकी वर्षे माळ्यावर का ठेवला, असे विचारल्यावर "लागतो कधीतरी," एवढेच उत्तर मिळाले. आणि लागला.

चाकांसाठी पुण्यात जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी. तिथे दुर्बिणीचे नाव काढू नये. विक्रेता दुर्बिणीबद्दल विचारू लागतो, सासरे सांगू लागतात आणि दुपार जाते. पाण्याच्या टाकीसाठी हवे, असे सांगावे. चाक घेताना एक्सल दोन्ही टोकांना धरून चाक फिरवावे : हाताला खरखर लागली तर कोन आणि छर्रे गेलेत. रिमजवळ अंगठा स्थिर धरून फिरवावे : अंगठा आणि रिम यांतले अंतर कमी-जास्त झाले तर चाकाला लचक आहे. अंगठा पुरेसा असतो. सासरे पिशवीतून डायल गेज काढतात.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. सायकलचे चाक फोर्कसकट घ्यावे. त्याचा एक्सल बोटापेक्षा बारीक असतो आणि दोन्ही बाजूंनी आधार मिळेल असे धरून बनवलेला असतो. एकाच बाजूने बोल्ट मारून टांगलात तर पहिल्या खड्ड्यात वाकतो.

चाक एवढे मोठे कशाला? ऑफिसच्या खुर्चीची चाके आधी सगळ्यांनाच सुचतात. आता आमच्या सोसायटीचे पेव्हिंग ब्लॉक पाहा. पावसाळा संपला की त्यातला प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र बाण्याचा होतो. इंचभर उंच कड चढायची असेल, तर चार इंची चाकाला आडवा जोर भाराच्या पावणेदोन पट लागतो. म्हणजे चाळीस किलोची दुर्बीण ढकलायला सत्तर किलोचा जोर. त्यापेक्षा उचललेली बरी. तीच कड वीस इंची चाकाने चढायला भाराच्या निम्म्याहून कमी जोर पुरतो. हे गणित सासऱ्यांनी मला कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर करून दाखवले, आणि खरे सांगायचे तर ते इतके सुरेख आहे की दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो.

हवा कमी ठेवावी. टायर किंचित दबला पाहिजे, म्हणजे हादरे आरशापर्यंत पोचत नाहीत. पंक्चरवाल्याला हे पटत नाही. तो टणक करूनच देतो.

रचना सोपी आहे. पेटीच्या दोन्ही बाजूंना पालखीसारखे दोन लांब दांडे, पेटीला लागून दोन चाके, दांड्यांची टोके उचलली की पेटी जमिनीवरून सुटते. चाके पेटीच्या जितकी जवळ तितके हाताला हलके. दुर्बिणीचा भार एक्सलपासून सहा इंचांवर आणि मुठी चार फुटांवर ठेवल्या तर चाळीस किलोचे हातात पाच किलो उरतात. वेल्डिंग करू नये, बोल्ट घालावेत. कारण मोजमाप बदलते. सहा इंच हा आकडा ठरेपर्यंत आम्ही अँगलची भोके बदलत होतो आणि मी पाना धरून उभा होतो. सात चालेल का, असे विचारले तर सासरे चालणार नाही म्हणाले. कारण सासूबाईंकडून कळले : हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पाच किलोच्या वर उचलू नका म्हणून सांगितले आहे. गाडा दुर्बिणीच्या मापाचा नव्हताच. त्या पाच किलोवरून मागे मागे येत काढलेला होता.

त्यावर आमच्यात चर्चा झालेली नाही. होणारही नाही.

मुक्कामी पोचल्यावर दांडे खाली सोडावेत, पेटी स्वतःच्या पायांवर टेकावी आणि चाकांवर भार राहू नये. दीडशे पट मोठे करून बघताना थरथरही दीडशे पट मोठी होते. हवेच्या टायरवर उभ्या दुर्बिणीतला शनी उकळत्या वरणातल्या डाळीगत दिसतो, असे सासूबाईंचे निरीक्षण आहे. तसेच दुर्बीण बघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढावी, आरसा बाहेरच्या हवेइतका गार होऊ द्यावा. हलवताना नळकांडे उभे ठेवून पट्ट्याने पेटीला बांधावे. पोचल्यावर आरसे जुळलेले आहेत का ते तपासावे, कारण एवढ्या धक्क्यांनंतर ते नसतातच. ते जुळवताना टॉर्च धरायचे काम जावयाचे.

या सगळ्याचा मूळपुरुष जॉन डॉबसन. जन्म 1915, बीजिंगचा. शिक्षण बर्कलीला, रसायनशास्त्राचे. 1944 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत वेदान्त सोसायटीच्या मठात, म्हणजे रामकृष्ण परंपरेत, दाखल झाला. मठात असताना त्याने जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या, दुर्बिणींना चाके लावली आणि मठाबाहेर आळीत नेऊन लोकांना चंद्र दाखवला. 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने फुटपाथवरून आकाश दाखवणाऱ्यांची संघटना उभी केली. सासरे ही कथा दर पाहुण्याला सांगतात. सासूबाईंनी ती एकदाच ऐकली आणि विचारले, "म्हणजे चाकं लावली की घराबाहेर काढायची पद्धत आहे?"

सोसायटीच्या सेक्रेटरींविषयी नियम एकच : आधी त्यांना चंद्र दाखवावा, मग पार्किंगमधल्या कोपऱ्याविषयी बोलावे. वॉचमनला मात्र वेगळे बोलवावे लागत नाही. गाडा थांबण्याआधी तो रांगेत पहिला असतो.

गाड्याच्या उजव्या चाकात नातीने रंगीत मणी घातले आहेत. काढायचे नाहीत. त्यामुळे पहाटे तीनला, कोणाला न उठवता एकट्याने बाहेर पडण्यासाठी बांधलेला हा गाडा टकटक करत साऱ्या इमारतीला उठवून मैदानाकडे जातो. मी खिडकीतून बघतो. जात नाही खाली, बोलावलेले नसते. पेव्हिंग ब्लॉक ओलांडेपर्यंत बघतो, मग झोपतो.

डाव्या चाकाची लचक काही केल्या जात नाही. वाचकांपैकी कोणाच्या पार्किंगमध्ये मुले मोठी झाल्याने पडून असलेली वीस इंची सायकल असेल, तर पुढचे चाक फोर्कसकट कृपया द्यावे. फुकट देऊ नये. फुकटच्या वस्तूकडे सासरे संशयाने बघतात. शंभर मागा, ते साठ देतील, आणि डायल गेज आणतील त्याकडे दुर्लक्ष करा.