परवाना नव्या संगणकावर रुजू होणेबाबत

प्रति,
मा. विंडोज ओईएम परवाना साहेब,
मु. मदरबोर्ड (मयत), दाणा बाजार, जळगाव

अर्जदार : जळगाव-धुळे येथील समस्त संगणकधारक

महोदय,

सविनय निवेदन की, खानदेशात मे महिना लागला, पारा 45 ला टेकला आणि विजेचा दाब वरखाली खेळू लागला की बाजारपेठेतले काही मदरबोर्ड देवाघरी जातात. त्याबद्दल तक्रार नाही. पण मदरबोर्ड गेला की आपणही त्याच्यासोबत जाता, हे बिल फाडताना काउंटरवर कोणी सांगत नाही. तिथे एवढंच ऐकू येतं, "विंडोज ओरिजिनल आहे, शेठ." ओरिजिनल आपण आहातच. निष्ठावंत त्याहून जास्त.

आपल्या अटी आम्ही वाचल्या. (हो, शेवटपर्यंत. खानदेशात उन्हाळ्याच्या दुपारी दुसरं करण्यासारखं काही नसतं.) संगणकासोबत आलेला परवाना त्या पहिल्या संगणकाचाच. संगणक विकला तर आपण त्याच्याबरोबर खुशाल परक्या घरी नांदायला जाता. पैसे मोजणाऱ्याबरोबर नव्या संगणकावर मात्र येत नाही. म्हणजे पावती आमच्या नावाची, जीएसटी आम्ही भरला, आणि मालक कोण, तर मदरबोर्ड. वॉरंटीत कंपनीने बोर्ड बदलून दिला तर आपण नव्या बोर्डावर येता, हे मान्य. पण आमच्याकडचे बोर्ड सज्जन. वॉरंटी संपेपर्यंत जीव धरून ठेवतात.

आपले थोरले बंधू रिटेल परवाना यांचं असं नाही. ते महाग पडतात, पण जुन्या मशिनवरून काढले की नव्यावर येतात. दोघा भावांतला फरक ओळखायला काळ्या खिडकीत 'एसएलएमजीआर', मग जागा सोडून स्लॅश, डीएलआय असं टाइप करावं लागतं. तेव्हा पडद्यावर कूळ उमटतं. खरेदीच्या दिवशी हे कोण करतो? त्या दिवशी नारळ फोडायचा असतो.

पूर्वी निदान आपलं दर्शन व्हायचं. पाच-पाचच्या पाच गटांत 25 अक्षरांचा स्टिकर. त्यात शून्य नाही, एक नाही, इंग्रजी ओ नाही, आय नाही. वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये एवढी काळजी. आणि एवढी काळजी घेऊन तो चिकटवला कुठे, तर लॅपटॉपच्या बुडाला. मांडीच्या घामाने अक्षरं धुऊन निघाली. विंडोज 8 पासून आपण थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये मुक्काम हलवलात, तेव्हापासून मुखदर्शनही बंद.

आता बाकीच्यांचं पाहा. एमआयडीसीतल्या डाळ मिलचा मुनीम टॅलीचा परवाना जुन्या मशिनवर 'सरेंडर' करतो आणि चहा निवायच्या आत नव्यावर चालू करतो. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा श्रीलिपीचा लॉक तर खिशात मावायचा. जळगावचं मशिन बसलं की लॉक एसटीत बसायचा आणि पारोळामार्गे देवपुरात उतरून धुळ्याच्या पत्रिका छापू लागायचा. जिल्हा परिषदेच्या मास्तरांनाही आंतरजिल्हा बदली मिळते. केस पिकल्यावर मिळते, पण मिळते. एवढंच कशाला, 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. तालुकेच्या तालुके नव्या जिल्ह्यात गेले. त्या वेळी कोणत्याही शेतकऱ्याला कोणी म्हणालं नाही की जुना जिल्हा गेला, आता तुमचं शेत पुन्हा विकत घ्या.

दरम्यान शेजारच्या गाळ्यात क्रॅक केलेली विंडोज वर्षानुवर्षं सुखाने नांदते आहे. तिचं मशिन बदललं की दुकानदाराचा पोऱ्या पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि अर्ध्या तासात ती नव्या घरी. तिला कूळ विचारत नाहीत, बोर्ड विचारत नाहीत. सगळी चौकशी पावती जपणाऱ्याची. हे ऐकून आमच्यातल्या एका आप्पांनी विचारलं, "मंग पैसा कसाना लिधात?" त्यांना काय सांगायचं ते आपणच कळवावं.

त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप हवी, जी अनेक जुन्या मशिनांत नसते. म्हणजे धडधाकट चालती मशिनंही भंगाराच्या गाडीवर चढणार आणि प्रत्येकासोबत आपला एक भाऊबंद जाणार. भंगारवाला पत्र्याचे वेगळे देतो, तांब्याचे वेगळे देतो. आपले काही देत नाही.

सबब, आपण चितेवरून उठून यावं असा आमचा हट्ट नाही. यापुढे विक्रीच्या बिलावर, किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत 'ओईएम : दुसऱ्या मशिनवर जाणार नाही' एवढी ओळ छापून मिळावी, ही विनंती. गिऱ्हाईक मग रिटेलचे जादा पैसे मोजायचे की नाही ते ठरवेल.

कळावे.

आपले,
पावत्या जपून ठेवलेले

सोबत : 1) बिलाची झेरॉक्स. 2) स्टिकरचा फोटो, 25 पैकी 9 अक्षरं वाचनीय. 3) मयत मदरबोर्ड, साक्षांकित.