शिरस्त्राणग्रहणविधी

पुण्यनगरीत हेल्मेट धारण करण्याची तीन स्थाने शिष्टसंमत आहेत : डावे कोपर, उजवा आरसा आणि स्कूटरची डिकी. मस्तक हे चौथे स्थान असून, अलका चौकात गणवेशधारी इसम दृष्टोत्पत्तीस आला असता तेवढ्यापुरताच त्याचा अवलंब करावा, असा येथील प्रघात आहे. २०१९ च्या जानेवारीत सक्तीचे फर्मान निघाले तेव्हा काही नागरिकांनी पगड्या चढवून दुचाकीवरून जाहीर निषेध केला, तो या प्रघाताच्या रक्षणार्थच होय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने पगडीधारी शिखांना हेल्मेटातून सूट दिली आहे. तीत पुणेरी पगडीचा समावेश नजरचुकीने राहून गेला, अशी आमचे शेजारी भाऊसाहेब यांची अद्यापि धारणा आहे.

भाऊसाहेब हयातभर कोषागारात बिले तपासून निवृत्त झाले. जुन्या हेल्मेटाचा पट्टा तुटल्यामुळे नवे घेण्याची त्यांनी तजवीज आरंभली आणि निवडीचे निकष एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून मला दाखवले : किंमत बेताची, वजन नाममात्र, हवालदारास लांबून दिसेल असा रंग. डोक्याचा उल्लेख त्या कागदावर कोठेही नव्हता. सदरहू मार्गदर्शन त्या कागदाच्या निमित्ताने लिहिले आहे.

प्रथम, वस्तू कोणासाठी घ्यावयाची याचा निर्णय करावा. हवालदारासाठी घेतल्यास काहीही चालते. परंतु दुचाकीस्वाराच्या हेल्मेटाची शास्त्रीय चिकित्सा पोलीस चौकीत सुरू झालेली नाही. अरबस्तानच्या वाळवंटातून सुखरूप परतलेला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' १९३५ साली इंग्लंडातल्या एका शांत ग्रामीण रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने मरण पावला, तेव्हा त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याने पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्यांच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटाची उपयुक्तता मांडली आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. हे मी भाऊसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "लॉरेन्स वेगात असेल हो. मी तिसावर जातो."

पदपथावर गोणपाट अंथरून विकली जाणारी हेल्मेटे घेऊ नयेत. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना हेल्मेट बनवणे व विकणे या देशात बेकायदा आहे, आणि ते चिन्ह आयएस ४१५१ या मानकाचे असावे लागते. चिकटवलेला नुसता कागद नखाने निघत असेल तर विक्रेत्याशी हुज्जत न घालता पुढे चालावे.

आता मापाविषयी, आणि येथे मी किंचित रेंगाळणार आहे, कारण अंगरखा शिवताना चार वेळा शिंप्याकडे खेपा घालणारा आपला समाज डोक्याचे माप मात्र नजरेने काढतो. शिवणाची फीत भुवयांच्या बोटभर वर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा फुगीर भाग घेऊन फिरवावी. आकडा मिलिमीटरमध्ये मांडला की हेल्मेटाच्या आत छापलेल्या ५८०, ६०० या अंकांचा अर्थ उलगडतो. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले जाऊन चेहऱ्यास गुटगुटीत बाळाची कळा यावी. डोके गदगदा हलवले तर कपाळाची कातडी हेल्मेटाबरोबर सरकावी, हेल्मेट एकटेच सरकू नये. पट्टा आवळून मागची कड वर उचलत हेल्मेट पुढे लोटून पाहावे. निघून आले तर ते दुकानदारास साभार परत करावे. न आल्यास ते तसेच घालून दुकानात पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. गालांचा दाब पुढे कमी होतो, कारण गाद्या वापराने बसतात ("आठ दिवसांत सेट होईल, साहेब," हे दुकानदाराचे वचन गालांपुरते खरे आहे); पण कपाळावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर त्या साच्याचे आणि आपल्या कवटीचे गोत्र जुळत नाही असे समजून दुसरा साचा मागावा. भाऊसाहेब पंधरा मिनिटे बसले. त्यातली दहा त्यांनी दुकानदाराला टोपीसारखे अर्धे हेल्मेट दाखवायला लावण्यात घालवली. अर्ध्यात हनुवटी उघडी राहते, आणि पडणारा मनुष्य जमिनीला आधी काय टेकवायचे हे ठरवून पडत नाही.

सुखसोयींच्या प्रकरणास भाऊसाहेब 'चोचले' म्हणतात. माझा त्यांच्याशी खरा वाद येथेच आहे. हेल्मेट कोपरावर जाते ते टोचते, उकडते, धुरकटते आणि वास मारते म्हणून. जे टोचत नाही ते विसरून डोक्यावर राहते. म्हणून चष्मेवाल्यांनी काड्यांसाठी खाच असलेल्याच गाद्या मागाव्यात. अस्तर काढून धुता येणारे असावे, कारण सकाळी खोबरेल चोपडून निघणाऱ्या गृहस्थाचे हेल्मेट श्रावण सरेपर्यंत खवट होते. ते अस्तर सौम्य शांपूने धुवून सावलीत वाळवावे. कपाळावर हवा घेणारी आणि मागून सोडणारी छिद्रे अवश्य पाहावीत, मात्र ती गाडी वेगात असतानाच चालतात, लक्ष्मी रस्त्यावरच्या खोळंब्यात त्यांच्याकडून कसलीही अपेक्षा ठेवू नये. पावसाळ्यात श्वासाने काच धुरकटते; तिच्या आत दुसरी पातळ काच बसवून मध्ये हवेचा थर राखणारी युक्ती मिळते, आणि जुलैत ताम्हिणी घाट चढणाऱ्यास तिचे पैसे देताना वाईट वाटत नाही. काळी काच दिवसा रुबाबदार व रात्री प्राणघातक. त्यापेक्षा बाहेर पारदर्शक आणि आत खटक्याने उतरणारी काळी, अशी दुहेरी योजना बरी. बंदासाठी दुहेरी कडी भरवशाची खरी, पण ज्यांना ती लावायचा कंटाळा येतो त्यांनी चटकन लागणारे दातेरी कुलूप घ्यावे. कायद्यालाही हेल्मेट पट्ट्याने डोक्याला बांधलेलेच हवे आहे. नुसते ठेवलेले त्याच्या लेखी हेल्मेटच नव्हे. दंड १,००० रुपये आणि परवाना तीन महिने अपात्र.

रंग फिका घ्यावा. उकाडा कमी, आणि मागचा ट्रकवाला पाहतो.

भाऊसाहेबांवर इतका मजकूर खर्च करण्याचे कारण सांगून टाकतो. आमच्या वाड्यात कोणाचाही ताप रात्री चढला की गोळ्या आणायला स्कूटर काढणारा हा एकच मनुष्य आहे, तोही पावसात, रेनकोट घालून आणि डोके उघडे टाकून. काय करावे या माणसाला! अखेर त्यांनी पांढरे, पूर्ण तोंडाचे हेल्मेट घेतले. किमतीत घासाघीस करून हातमोजे फुकट मिळवले, आणि हेल्मेट आरशावर लटकवले.

आरशावर लटकवू नये. आतले फोम हेच खरे औषध असून आरशाच्या कडेने त्याला खड्डे पडतात. पेट्रोलच्या फडक्याने कवच पुसू नये. जोरदार आघात झालेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी बाद समजावे, कारण ते फोम चेपून धक्का गिळते आणि पुन्हा फुगत नाही. असे बाद हेल्मेट गरजू भाच्यास किंवा दूधवाल्यास देऊन पुण्य जोडण्याची आपल्याकडे जी चाल आहे ती कृपया बंद करावी. पट्टा कात्रीने कापावा आणि मगच ते भंगारात टाकावे, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर जाणार नाही.