धूर की धुकं?

गेल्या आठवड्यात कॉलेज रोडवरच्या टपरीवर तिघं जण उद्याच्या तत्त्वज्ञानाच्या पेपरची उजळणी करत होते. एकीच्या मांडीवर अपेक्षित प्रश्नसंच, डोळे मिटलेले, पाढे म्हणावेत तसं चाललेलं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. न्यायदर्शनातलं पंचावयवी अनुमान. दोनदा ‘उपनय’ सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

शेजारचा मुलगा म्हणाला, “ऐक. उद्याचा पेपर अवघड आहे. का, तर आज सर हसले. सर हसतात तेव्हा तेव्हा पेपर अवघड निघतो, आठव मागचं सत्र. आजही सर हसलेत. म्हणून उद्याचा पेपर अवघड आहे.”

ती खुदकन हसली आणि तडक म्हणाली, “चूक! गॅदरिंगलाही सर हसले होते. तेव्हा कुठे पेपर होता?”

याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. हेतू (सरांचं हसणं) आहे पण साध्य (अवघड पेपर) नाही, अशी एक जागा दाखवली की अनुमान कोसळतं. प्रश्नसंचातली व्याख्या जे करू शकली नाही, ते एका थट्टेनं केलं.

पंचवटीच्या गावाला याचं नवल वाटू नये. राम इकडे येण्याआधी चित्रकूटावर जाबालीनं त्याला काय सुनावलं, ते अयोध्याकांडात आहे: इथं एकानं जेवून दुसऱ्याचं पोट भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्याच्या नावानं घरीच श्राद्ध घाला, त्यानं शिदोरी कशाला बांधायची? राम संतापला, पण गप्प बसला नाही. त्यानं सविस्तर उत्तर दिलं. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त हीच कोपरखळी चार्वाकांच्या नावावर येते. आणि जिथं रामकुंडावर रोज पिंडदान होतं, त्या नाशकात मुलांना हा वाद भेटतो तो ‘टीप लिहा: चार्वाकमत’ एवढाच. भांडण काढून टाकलं आणि मुद्दे ठेवले. मग भीती वाटेल नाही तर काय?

फ्रान्समध्ये बारावीच्या वयाची मुलं जूनमध्ये चार तास तत्त्वज्ञानाचा पेपर लिहितात. धास्ती तिथंही असते. पण विषय बाहेर आले की वर्तमानपत्रं त्यांवर लिहितात, मोठी माणसंही वाद घालतात.

आपल्या पेपरात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण असतं: पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. त्या पर्वतावर पिढ्यान्‌पिढ्या तोच धूर निघतोय. तो पर्वत कुणी पाहिलेला नाही. आपला ब्रह्मगिरी मात्र तीसेक किलोमीटरवर उभा आहे. उन्हाळ्यात आजूबाजूच्या डोंगरांना वणवे लागतात, पावसाळ्यात धुकं उतरतं. विचारा ना मुलांना: लांबून डोंगरावर पांढरं काही दिसतंय, अनुमान करा आणि तुम्ही कुठे फसाल तेही सांगा. वाफेला धूर समजणाऱ्याची फजिती नैयायिकांनी केव्हाच नोंदवून ठेवली आहे. ही फजिती वर्गात एकदा होऊ द्या, मुलं पोट धरून हसतील आणि ‘असिद्ध हेतू’, म्हणजे जागेवर मुळात नसलेला हेतू, जन्मभर विसरणार नाहीत. प्रश्न काढणाऱ्यांना याहून जास्त काय हवं असतं, हे मला खरंच कळत नाही.

टपरीवर तेवढ्यात चहा आला. मुलानं ग्लासाकडे बोट केलं, “हा धूर की वाफ?”

“पिऊन बघा,” चहावाला म्हणाला.

तिनं एक घोट घेतला, जीभ भाजली आणि वहीच्या कडेला लिहिलं: प्रत्यक्ष प्रमाण.